थंड साचा

राजाच्या पुतळ्याचा शिशाचा कान. चुलीवर कढई. खुंटीला एझ्राचा जुना कोट.

न्यूयॉर्कमध्ये पाडलेल्या इंग्लंडच्या राजाच्या पुतळ्याचे तुकडे कनेटिकटच्या बायकांकडे आले होते, बंडाच्या फौजेसाठी गोळ्या ओतायला. जेरुशाचा मुलगा एझ्रा मात्र राजाच्या फौजेत होता. म्हणून ती साचा न तापवताच शिसं ओतत होती. थंड साच्यात गोळीला सुरकुत्या पडतात आणि तिचा नेम हुकतो.

शेजारच्या डॉर्कसने टोपलीतली एक गोळी बोटांत फिरवली.

"साचा आधी तापवायचा, हे मला तूच शिकवलंस ना गं?"

"विसरले."

"विसरशील तू! एझ्रासाठी चाललंय हे. कळतं मला, मीही आईच आहे. पण हीच गोळी भरून माझा जोएल उभा राहणार. त्याचा नेम चुकला, तर समोरचा काय हात जोडून थांबेल?"

जेरुशा कोटाकडे बघत राहिली. मग तिने टोपली कढईत उपडी केली आणि साचा जाळावर धरला.

डॉर्कस बाळंतपणात तापाने फणफणली होती, तेव्हा जेरुशानेच एझ्राबरोबर जोएललाही अंगावर पाजलं होतं.