एक माणूस कमी

"एकच माणूस कमी आहे, हार्लन. तू इकडे आलास की झालं."

ऑर्विल शाळेच्या हॉलच्या कोपऱ्यातून हाक मारत होता. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडायचा तो असाच. ज्याला जो पसंत, त्याने त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. माणसं पुरेशी नसली की कोपरा मोडतो. कर्नल ब्रॅनिगनचा मोडायला आला होता.

हार्लन मधोमधच थांबला. दर वेळी त्याची बायको लावॉन त्याची बाही धरून त्याला कुठल्या तरी कोपऱ्यात न्यायची. यंदा बाही कुणी ओढली नाही.

ऑर्विल जवळ आला. "ती दुसरी उमेदवार बाई गव्हर्नर होती, मान्य. पण कधी बंदूक धरलीय तिने? पोरांना लढाईवर धाडायचं तर लढाई पाहिलेला माणूस नको? आणि तुझा कर्टिस तर कर्नलच्याच तुकडीत होता. तूच नाही आलास तर लोक काय समजतील?"

हार्लनचा मुलगा कर्टिस इराकमध्ये मारला गेला. त्यानंतर लावॉनने मागच्या दाराला कधी कडी लावू दिली नाही. आता ती नाही, तरी हार्लन कडी लावत नाही. रात्री त्याला शेतापलीकडे ऑर्विलच्या स्वयंपाकघरातला दिवा दिसतो. ऑर्विल व्हिएतनामहून परतला तेव्हापासून तो दिवा पहाटेपर्यंत जळतो. त्याबद्दल दोघं कधी बोलले नाहीत.

ऑर्विलने फोन पुढे केला. "घे. खुद्द कर्नल आहेत."

"कर्टिसचा मला अभिमान वाटतो, साहेब," पलीकडून आवाज आला.

हार्लनने एवढंच विचारलं, "तो दिसतो का तुम्हाला कधी?"

"नाही, साहेब. दिलेल्या हुकमांचं ओझं मी बाळगत नाही. पाठ टेकली की झोप लागते. राष्ट्राध्यक्ष असाच हवा."

हार्लनने फोन परत दिला.

"काय म्हणाले? येतोस ना?"

"झोप छान लागते म्हणाले."

ऑर्विल हसायला गेला आणि मध्येच थांबला. मग त्याने छातीवरचा कर्नलचा बिल्ला काढला आणि खिशात टाकला.

माणसं मोजणारी बाई त्यांच्यापाशी आली. "कर्नलच्या कोपऱ्यात अजून एक कमी, बरोबर?"

"नाही," ऑर्विल म्हणाला. "दोन."