नावाचं पाणी

“मृताचं नाव?” महाराजांनी विचारलं.

“केवलराम,” मृताचा मुलगा शामसुंदर म्हणाला.

शिवनाथ नदीच्या घाटावर, चार हात मागे, खरा केवलराम बसला होता. जिवंत, धडधाकट. आपल्या नावानं तिळाचं पाणी प्रवाहात पडताना तो बघत होता.

मेलेला माणूस हिरालाल होता. दोघं भंडाऱ्याकडच्या एकाच गावचे. पंचवीसेक वर्षांपूर्वी स्टील प्लांटच्या भरतीसाठी भिलाईला आले. एका खोलीत राहिले, एका ताटात जेवले. केवलरामला नोकरीचं बोलावणं आलं आणि नेमका त्याला टायफाईड झाला.

“गेटवर सांगून ये, आठ दिवसानं येतो म्हणून,” तो हिरालालला म्हणाला. हिरालाल गेला. केवलरामच्या नावाचा पुकारा झाला तेव्हा म्हणाला, “हजर.”

तक्रार केलीस तर दोघंही जेलात जाऊ, असं हिरालालनंच नंतर समजावलं. केवलरामला ते पटलंही. भोळेपणाला काही हद्द असते. पुढे हिरालालला क्वार्टर मिळालं, बायको मिळाली, मुलगा झाला, सगळं केवलराम या नावावर. पकडले जाऊ या धास्तीनं त्यानं गावाशी संबंध तोडला. इकडे केवलरामनं जवळच्याच बोरसीत सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. हिरालालच्या घरी तो बापाच्या ओळखीतला ‘बोरसीवाले काका’ होता, बस्स. एकदाच रस्त्यात त्यानं हिरालालची सायकल अडवली होती.

“हिऱ्या, नरकात सडशीन तू. कायमचा.”

हिरालालनं मान खाली घातली आणि सायकल पुढे काढली.

म्हणूनच आज, दहाव्याला, केवलराम रडायला आला नव्हता. शिक्षा लागू होते की नाही, ते बघायला आला होता.

“महाराज,” त्यानं विचारलं, “नाव चुकलं त मंग?”

“पाणी पोचत नाही. जीव तहानेनं तळमळत राहते.”

“किती दिवस?”

“दिवस कायचे, काका? त्याले अंतच नाही.”

हेच तर हवं होतं. त्यासाठी बोटही हलवायची गरज नव्हती, नुसतं गप्प बसायचं होतं. शिवाय खरं नाव बोललं असतं, तर बापाच्या जागी शामसुंदरला लागणारी नोकरी गेली असती. म्हणजे गप्प बसण्यात पुण्यही होतं. देवानंच जमवून आणलं होतं सगळं.

पण त्याच्या घशाला कोरड पडली. अशीच त्या तापात पडायची. जीव नकोसा व्हायचा. तेव्हा उशाशी बसून चमच्याचमच्यानं पाणी पाजलं होतं ते हिरालालनंच. त्या सकाळीही पाजलं होतं, आणि मग तो गेटवर गेला होता. हे आठवलं की केवलरामच्या अंगाची अजून आग व्हायची. नुसता चोर असता तर सोसलं असतं.

मात्र त्या तहानेला अंत होता. ताप उतरला, तहानही गेली.

राग गेला नव्हता. माफ करण्याचा तर प्रश्नच नव्हता. पण कायमचं म्हणजे फार होतं, असं त्याला वाटलं, आणि असं वाटल्याबद्दल त्याला स्वतःचाच संताप आला.

मंडळी आवराआवरीला लागली तसा तो गुडघाभर पाण्यात उतरला. ओंजळ भरली. “हिरालाल,” असं पुटपुटला आणि पाणी सोडलं.

मागे शामसुंदर उभा होता. “काका, ये हिरालाल कौन था?”

“दोस्त होता माहा.” केवलरामनं ओले हात धोतराला पुसले. “टायफाईड मले झाला होता. मेला तो.”