अनुसयाच्या हातची

पेमानं घोट तोंडात दोन्ही बाजूंनी घोळवला, ओसरीखालच्या राखेत थुंकला आणि गिलास खाली ठेवला.

"ही घ्या. जांभळावानी तुरट हाय, पण गळ्यात अडत न्हाई. कुठली म्हणले?"

"चिली." रामप्रसादनं वहीत लिहून घेतलं. "आजच्या पिशवीत सगळ्यात स्वस्त हीच आहे, पेमाभाऊ."

"मग डोळे झाकून घ्या. मटनासंगं द्या लोकायला."

रामप्रसाद मूळचा साखऱ्याचा. हैदराबादच्या एका मोठ्या हॉटेलात दारूची खरेदी त्याच्याकडे होती. बाहेरदेशची वाइन यायला लागली, तशी मालकाची फर्माईश सुरू झाली: कमी दामाची आणि चांगली शोधा. रामप्रसादला लेबलं वाचता यायची, चव कळत नव्हती. म्हणून वर्षातून दोनदा गावी आला की नमुन्याच्या बाटल्या घेऊन तो पेमाच्या बंजारा तांड्यावर यायचा. पेमानं निवडलेली बाटली हॉटेलात कधी पडून राहिली नव्हती.

पेमा गिळत मात्र नसे. नऊ वर्षांपूर्वी त्यानं सेवालाल महाराजांपुढं शपथ घेतली होती. चाखायचं आणि थुंकायचं. विलायतेतले पारखीही असंच करतात, असं रामप्रसादनं एकदा सांगितलं, तेव्हा पेमा म्हणाला होता, "त्यायनंबी बायकोवर हात उचलला असंल."

या कामाचं तो काही घेत नसे. अट एकच होती. नव्या देशाची बाटली आली की ती आधी त्याच्या ओसरीवर उघडली पाहिजे. सगळ्या बाटल्या चाखून झाल्या, काय ते सांगून झालं, की तो मान वळवून एवढ्या मोठ्यानं ओरडायचा की अंगणातलं कुत्रं उठून बसायचं.

"पण अनुसयाच्या हातची न्हाई!"

रामप्रसादला वाटायचं, म्हाताऱ्याला कमी ऐकू येत असेल.

अनुसया पेमाची बायको. तिच्या मोहाच्या दारूसाठी एके काळी पुसेगावपासून जवळा बाजारपर्यंतची माणसं तांड्यावर चालत यायची. धारेखाली बोट धरून ती जिभेला लावायची आणि नेमक्या वेळी भट्टीखालचं लाकूड ओढायची. पेमाला जी काही पारख आली, ती तिच्या शेजारी बसून. "तिची जीभ म्हंजी सोनाराचा काटा," तो सांगायचा. "आपली चव कुनी नावाजली न्हाई तर चालंल, पन नावं ठेवलेली तिला खपायची न्हाईत."

आज चिलीची बाटली बाजूला ठेवून रामप्रसादनं वही मिटली.

"पेमाभाऊ, या महिन्यात मी रिटायर होतोय. पोरगा मला पुण्याला घेऊन चाललाय. आता इकडं येणं व्हायचं नाही."

पेमाचा हात गिलासावरच राहिला.

"अजून किती बाटल्या हायत?"

"दोन."

सून मिना चहा घेऊन बाहेर आली. तिनं बाटल्यांकडं पाहिलं, मग सासऱ्याकडं.

"मामा, सगळी दुनिया हुडकून झाली. अजून काहून तकलीफ करून राहिले?"

"तू कप ठेव अन् जा."

ती गेल्यावर रामप्रसादनं हळूच विचारलं, "काय झालं होतं, भाऊ? इतकी वर्षं कधी विचारलं नाही."

"होळी व्हती. पिऊन तर्र झालो. चार मानसांत तिच्यावर हात उचलला. काही म्हणली न्हाई. सकाळी उठली, भट्टीचं मडकं दगडावर आपटलं..." पेमानं चहाचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. "त्या दिसापासून तिचा एक शब्द कानावर आला न्हाई. लई भांडायची साहेब. ताटात मीठ कमी पडलं म्हणलं तर माह्या सात पिढ्या काढायची. आता वाटतं, पुन्हा एकदा काढाव्या."

रामप्रसादनं टोपी काढली आणि क्षणभर हात जोडले. पेमानं रिकामा गिलास त्याच्यापुढं सरकवला.

पुढची बाटली ऑस्ट्रेलियाची होती. पेमानं चाखली, थुंकली. "बाटली जड, आतला माल हलका. नगं."

शेवटची पोर्तुगालची. दाम चिलीपेक्षा थोडं जास्त, रंग पिवळसर. हा घोट पेमानं बराच वेळ तोंडात धरला. रामप्रसाद पेन उघडून बसला. पेमा थुंकला आणि हळू आवाजात म्हणाला, "उन्हाळ्यात ताकावानी लागंल. गार करून द्या. दामाच्या मानानं सोनं हाय."

बाटल्या संपल्या होत्या. दरवेळचं वाक्य त्याच्या ओठांवर आलं आणि त्यानं ते परत गिळलं. गुडघ्यावर हात टेकून तो उठला. घराच्या दाराकडं तोंड केलं आणि छाती भरून ओरडला,

"ही अनुसयाहून सरस हाय! आयकलं का? अनुसया काढायची ते निस्तं भांडं धुतल्यालं पानी व्हतं!"

रामप्रसाद दचकून उभा राहिला. "पेमाभाऊ, असं बोलू नये. माणूस गेल्यावर त्याच्या माघारी तरी..."

पेमानं हातानं त्याला थांबवलं. आत एक पातेलं दणकन खाली पडलं. मिना दारातून बाजूला सरली, आणि तिच्या मागून पिकल्या केसांची, कोपरापर्यंत बांगड्या ल्यालेली अनुसया तरातरा ओसरीवर आली.

"जीभ झडली व्हय तुमची?" ती म्हणाली. "आना इकडं तो गिलास!"