लेबलाजवळची चांदणी

"ही पण तुमचीच ना, मावशी?"

चष्मेवाल्याने रेकॉर्ड खिडकीच्या उजेडात धरली. मावशींनी भिंग डोळ्याला लावलं. गाणं संपतं तिथून लेबलापर्यंत जी गुळगुळीत पट्टी उरते, तिच्यात कारखान्याचा नंबर होता आणि नंबरापुढे तांदळाच्या दाण्याएवढी कोरलेली चांदणी.

"माझीच," त्या म्हणाल्या. "टोकं बघा. एक टोक जरा आखूडच यायचं माझं."

खोटं बोलायचं तर रेटून बोलावं. अठरा गुरुवारांत मावशींना ते छान जमायला लागलं होतं.

रेकॉर्डच्या कारखान्यात त्या तीस वर्षं तपासनीस होत्या. कानाला हेडफोन लावून दर शंभरातली एक ऐकायची, खरखर आली की अख्खा गठ्ठा बाजूला. इतकी गाणी कानांवरून गेली, पण मावशींनी ऐकली ती फक्त खरखर. चांदणी मात्र त्यांनी आयुष्यात एकदाही काढली नव्हती. तयार मालावर ओरखडा काढला असता तर फोरमनने त्याच दिवशी घरी बसवलं असतं.

पण पहिल्या गुरुवारी हा माणूस कारखान्याच्या जुन्या पहारेकऱ्याकडून पत्ता काढत दारात आला. हातात त्याच्या आईची रेकॉर्ड, तिच्यावर अशीच चांदणी. "साचा नवा असताना निघालेल्या प्रतींचा आवाज सगळ्यात स्वच्छ असतो," तो उत्साहानं सांगत होता. "पुढे साचा झिजतो. त्या पहिल्या प्रतींसाठी जमवणारे जीव टाकतात. मला वाटतं, ही चांदणी म्हणजे पहिल्या गठ्ठ्याची खूण. तुम्ही काढायचात का?"

त्या आठवड्यात मावशींशी बोललेलं एकच माणूस होतं, मीटर वाचायला आलेलं. तेही "दार उघडा" आणि "सही करा" एवढंच बोलून गेलं होतं. नाही म्हटलं असतं तर हाही चहा संपवून निघून गेला असता.

मावशी हो म्हणाल्या.

तेव्हापासून तो दर गुरुवारी येई. गुरुवारी त्याचं चष्म्यांचं दुकान बंद. आई गेल्यापासून सुट्टीच्या दिवशी घर खायला उठतं, म्हणायचा. दर वेळी एकच रेकॉर्ड आणायचा, कुठल्यातरी जुन्या बाजारात सापडलेली. कधी बँडच्या धुना, कधी मुलांच्या गोष्टी, एकदा तर टायपिंग शिकवणारी. भाव मात्र कधी काढायचा नाही. "हौसेला मोल नसतं, मावशी." मग रेकॉर्ड लावायची, चहा घ्यायचा. तो त्यांच्या चष्म्याचा सैल झालेला स्क्रू पिळून द्यायचा. बोटाला त्याच्या कायम एखादी चिकटपट्टी असे. काचेचं काम, दुसरं काय.

उतारवयात मावशी पहिल्यांदाच गाणी ऐकायला लागल्या होत्या. शुक्रवार ते बुधवार हे सहा दिवस गुरुवारची वाट बघण्यासाठीच असतात, असं त्यांचं मत झालं होतं.

आणि सोमवारी जुन्या रेकॉर्डींचा दुकानदार जिना चढून आला.

"चष्मेवाल्याच्या घरी पाहिली ती चांदणीवाल्या रेकॉर्डींची रांग," खुर्चीत बसत तो म्हणाला. "कमाल आहे! माझी हयात गेली या धंद्यात. हजारो रेकॉर्डी हातांखालून गेल्या, एकीवर चांदणी नाही. आणि याला दर आठवड्याला सापडते. नशीब काढलंय बेट्यानं."

"मग?"

"मग काय, तुम्ही दोन ओळी लिहून खाली सही करा, की या पहिल्या गठ्ठ्यातल्या. मूळ कव्हरं नाहीत, ओरखडेही आहेत. पण तपासनिसाचा कागद सोबत असला की लोक उड्या टाकतील. मी विकून देतो सगळ्या. त्याला अजून बोललो नाही. आधी कागद, मग गोष्टी."

"बघते," मावशी म्हणाल्या.

पुढचे दोन दिवस चोराच्या मनात चांदणं तशी गत. जिन्यात पाऊल वाजलं की वाटे, आला कागद मागायला. कागद दिला तर लोक आपल्या खोट्यावर पैसे मोजणार, आणि उघडकीला आलं की लबाड ठरणार तो बिचारा चष्मेवाला. नाही दिला तर तो विचारणार, का नाही? कसंही केलं तरी गुरुवार संपलेच. निदान त्याचं नाव तरी राहू दे, असं मावशींनी ठरवलं आणि बुधवारी मनसोक्त रडून घेतलं.

गुरुवारी तो आला. नेहमीच्या खुर्चीत बसून त्यानं पिशवीत हात घातला.

"थांबा, काढू नका," मावशी म्हणाल्या. "आधी माझं ऐका. त्या चांदण्या माझ्या नाहीत. एकही नाही. कारखान्यात असली काही पद्धतच नव्हती."

त्याचा हात पिशवीतच राहिला.

"तुम्ही परत यावंत म्हणून मी खोटं बोलले. पहिल्या दिवसापासून." मग त्यांनी दुकानदाराचं सगळं सांगून टाकलं. "त्याला एकही विकू नका. उद्या बोल तुम्हाला लागेल. माझ्यावर रागवा हवं तर, तुमचा हक्कच आहे. पण चहा ठेवलाय, तेवढा घेऊन जा."

खाली मान घालून चष्मेवाला पिशवीकडे बघत राहिला. आता उठेल, मावशींना वाटलं. त्यांनी जिन्याकडचं दार उगाच थोडं उघडलं, म्हणजे त्याला जाताना अवघडायला नको.

त्यानं चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा घातला.

"पहिली कुणाची, ते मला अजूनही माहीत नाही, मावशी," तो म्हणाला. "बाकीच्या सगळ्या मी घरी बसून कोरल्यात."