दोन बोटं जास्त

"आणखी एक गाडा," सासरा म्हणाला आणि सुनेनं फावडं जमिनीवर आपटलं.

"बाबा, हीच वाळू काढायला आपल्याला पंधरा दिवस लागले. आता परत भरतोय. कुणी पाहिलं तर वेड्यात काढतील."

"काढू देत. बांध मिळाल्याशी कारण."

पुरानं नदीकडचा बांध फोडला होता आणि घरामागच्या शेतात वाळू आणून ओतली होती. सासरा हातावर हात धरून बसणारा नव्हता. सरकारची वाट न बघता त्यानं सुनेला हाताशी घेऊन शेत आरशासारखं लख्ख केलं. आणि मग पोस्टमन सांगत आला, की तातडीचं अनुदान आलंय, सरकार नवा दगडी बांध घालून देणार. पण ज्याच्या शेतात निदान वीतभर वाळू आहे, त्यालाच. शेजारच्या आळशानं पुरानंतर खाटसुद्धा हलवली नव्हती. त्याचं नाव यादीत पहिलं.

बांध नाही, तर पुढच्या पुरात शेत नाही. शेत नाही, तर शहरात ओझी वाहणारा मुलगा परत कशाला येईल? "बांध झाला की येतो," एवढंच तो म्हणाला होता. म्हणून नऊ दिवस ही दोघं नदीकाठच्या ढिगातली वाळू हातगाड्यानं शेतात आणून टाकत होती.

"वीतभर केव्हाच झाली. आता पुरे."

"वीतभर म्हणजे काठावर पास. साहेबाची वीत मोठी निघाली तर?"

ही त्याची जुनी खोड. दूध विकायचा तेव्हा माप भरलं तरी वर धार सोडायचा. दाराला एक कडी सांगितली, तर दोन बसवायचा.

"तुम्हाला सांगितलं तेवढंच करणं कधी जमणार हो?" सून म्हणाली आणि गाडा भरायला वाकली.

एका वितेच्या दोन झाल्या. वर दोन बोटं.

दहाव्या दिवशी साहेब आला. हातात लोखंडी गज, त्यावर खाली पिवळी खूण, वर लाल. चारही कोपऱ्यांत आणि मधोमध त्यानं गज खुपसला.

"पिवळी खूण कशाची, साहेब?" म्हाताऱ्यानं हळूच विचारलं.

"वीतभराची. त्याच्या खाली असेल तर मी वहीच उघडत नाही."

त्यानं वही उघडली. सून कितीतरी दिवसांनी हसली.

"एवढी वाळू मला कुठंच सापडली नाही, आजोबा. कुणी आणून तर टाकली नाही?"

"स्वतःच्या शेतात? असा शहाणा दाखवा मला एखादा!"

"मग नदीनंच आणली, असं लिहितो. करा सही."

म्हाताऱ्यानं सही केली आणि खाली नेहमीसारख्या दोन रेघाही ओढल्या.

"बांध कधी सुरू करताय? मुलाला कळवायचंय."

साहेबानं गज पुसला आणि लाल खूण त्याच्यासमोर धरली.

"बांध इथपर्यंतच मिळतो, आजोबा. तुमची वाळू दोन बोटं वर आहे, आणि तेवढी वाळू नदीनं टाकली की ते शेत आम्ही नदीतच धरतो."