प्रश्न काढणारी

"ज्या समुद्राला कुठेच किनारा नाही, असा—"

घंटा वाजली. "सार्गासो," विद्याधर म्हणाले.

"बरोबर." प्रश्न वाचणाऱ्या चंद्रकांतनं अर्धवट वाचलेलं कार्ड खाली ठेवलं.

टाळ्या पडल्या. वाचनालयाच्या सामान्यज्ञान स्पर्धेची अंतिम फेरी यंदा पहिल्यांदाच रेडिओवर लागणार होती. रंगमंचासमोर स्टुलावर ध्वनिमुद्रणाचं यंत्र ठेवलं होतं आणि त्याची दोन चाकं संथ फिरत होती. बंगळूरमधली निम्मी मराठी मंडळी आज इथं आली असावीत.

प्रतिमा रंगमंचाच्या कोपऱ्यात छोट्या टेबलाशी बसली होती. यंदाचे प्रश्न तिनं काढले होते. उत्तराबद्दल वाद झालाच तर शेवटचा शब्द प्रश्न काढणाऱ्याचा, म्हणून त्यानं समोरच बसायचं, असा नियम होता.

"फुलांचा ताटवा सापडलेली मधमाशी पोळ्यावर परतली की—"

घंटा. "नाचते. नाचून बाकीच्यांना दिशा सांगते."

"अहो विद्याधरराव," मागून बसवंत म्हणाला, "स्वल्प थांबा की. त्याला प्रश्न तरी पुरा करू द्या." बसवंत बेळगावकडचा. चिकपेटेत त्याचं साड्यांचं दुकान होतं आणि बोलल्याशिवाय त्याला राहवत नसे. सभागृह हसलं. विद्याधरही हसले. पहिल्या रांगेत त्यांच्या पत्नी कावेरीबाई मान वळवून सगळ्यांकडे कौतुकानं पाहत होत्या.

आज विद्याधर बसले होते त्याच खुर्चीवर चार वर्षांपूर्वी प्रतिमाचे वडील, रत्नाकर, बसले होते. ते कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढत आणि उरलेला सगळा वेळ वाचत. उत्तर माहीत असलं की त्यांना दम निघत नसे. त्या संध्याकाळी त्यांचीही घंटा प्रश्न संपण्याआधी वाजत होती. आधी लोक हसले, मग गप्प झाले. शेवटी बसवंतनंच विचारलं होतं, "प्रश्न आधी मिळाले होते काय हो?"

"मी फक्त वाचतो हो," रत्नाकर म्हणाले होते. मग सगळ्यांनी प्रश्न काढणाऱ्याकडे पाहिलं. त्या वर्षी ते काम विद्याधरांकडे होतं. माझे निम्मेसुद्धा प्रश्न कोणाला सुटायचे नाहीत, असं ते महिनाभर सांगत फिरले होते. 'नाही' एवढा एक शब्द पुरला असता. विद्याधरांनी चष्मा काढला, सावकाश पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. बोलले काहीच नाहीत.

रत्नाकरांनी जिंकलेला कप घरी आणला नाही. पुन्हा वाचनालयाची पायरी चढले नाहीत. बसथांब्यावर कोणीतरी विचारायचं, "काय रत्नाकरराव, उद्याचं वर्तमानपत्र आलं का हाती?" पुढे त्यांनी आजचंही वाचायचं सोडलं. गेल्या वर्षी ते गेले. विद्याधर भेटायला आले होते. "फार वाचलेला माणूस," असं म्हणाले. प्रतिमानं त्यांना कॉफी दिली.

मग ती शनिवारी वाचनालय सांभाळू लागली. विद्याधर दर शनिवारी येत.

"काय वाचू गं या वेळी?"

ती बाजूला काढून ठेवलेलं पुस्तक पुढे करी. समुद्रांवरचं, मधमाश्यांवरचं, धातूंवरचं. "वडिलांची पारख उतरली आहे तुझ्यात," असं ते एकदा मनापासून म्हणाले होते. त्या प्रकारानंतर प्रश्न काढायला कोणी सहजासहजी तयार होत नव्हतं. यंदा प्रतिमा आपण होऊन पुढे झाली. तिनं विद्याधरांना एकही प्रश्न दाखवला नाही. त्या पुस्तकांबाहेरचा एकही प्रश्न काढला नाही.

विद्याधरांच्या ते ध्यानात आलं नव्हतं. जिंकताना माणूस असलं काही पाहत नाही. समोरच्या खुर्चीवरच्या दुसऱ्या स्पर्धकानं, अरविंदनं, मात्र घंटेवरचा हात कधीच काढून घेतला होता. टाळ्या विरळ होत गेल्या. पाठीमागच्या रांगांतून कुजबुज सुरू झाली.

"एका सम्राटाच्या मेजवानीत मानाच्या पाहुण्यांना सोन्याऐवजी—"

घंटा. "ॲल्युमिनियमचे चमचे."

कावेरीबाईंनी दोनदा टाळी वाजवली. आपण एकट्याच वाजवतो आहोत हे कळल्यावर त्यांनी हात मांडीवर ठेवले.

बसवंत उभा राहिला. आता तो हसत नव्हता. "त्या वेळी मीच विचारलं होतं. आज नाही विचारलं तर ते बरं नव्हे. विद्याधरराव, प्रश्न आधी मिळाले होते काय?"

"छे. मी फक्त वाचतो..."

विद्याधर तिथंच थांबले. त्यांची नजर हळूहळू कोपऱ्यातल्या टेबलाकडे वळली. चेहऱ्याचा रंग उतरला.

"अक्का, तुम्हीच सांगा मग," बसवंत प्रतिमाला म्हणाला. "तुम्ही नाही म्हणा, सरी, झालं, मी खाली बसतो. यांनी प्रश्न पाहिले होते काय?"

यंत्राची चाकं फिरत राहिली.

प्रतिमानं चष्मा काढला. पदराच्या टोकानं एक काच पुसली, मग दुसरी. चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि समोर पाहत बसून राहिली.

याचा अर्थ काय, ते सभागृहात एकालाच कळलं. आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदाच, उत्तर माहीत असूनही विद्याधरांचा हात घंटेकडे गेला नाही.