एकशे बारा नंबरची फट

कवळीकाकांनी दोनशे सत्तावन्न नंबरची तबकडी बोटाने हलकेच आत सरकवली आणि दोन पावलं मागे येऊन कपाटाकडे पाहिलं. आता एकच फट उरली होती. त्यांनी तिकडे पाठ फिरवली.

खरं तर त्यांनी खूश व्हायला हवं होतं. चाळीस वर्षं त्यांनी कवळ्या बनवल्या. अर्ध्या वस्तीच्या तोंडात त्यांचं काम होतं, आणि उरलेली अर्धी तोंडं त्यांच्याबद्दल बोलायला मोकळी होती. फट म्हणून त्यांना खपायची नाही, मग ती जबड्यात असो की कपाटात. गाण्यांच्या तीनशे चाळीस तबकड्या त्यांनी ओळीने उभ्या लावल्या होत्या. आडव्या रचल्या की खालच्या वाकतात आणि तिरक्या टेकवल्या तरी वाकतात, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला न विचारता सांगत. प्रत्येकीला आतून कागदी पिशवी, बाहेरून प्लास्टिकची, आणि पाठीवर नंबर. कुणी ऐकायला मागितली तर नाही म्हणत नसत. पण मग तिच्या जागी पुठ्ठ्याचा तुकडा उभा राही. त्यावर नेणाऱ्याचं नाव, तारीख आणि फोन नंबर. त्यानंतर ते त्या माणसाचा असा पिच्छा पुरवत की विचारू नका.

"माझी तबकडी?" एवढंच विचारायला फोन. पलीकडचा माणूस ओशाळून सबबी सांगे, मग गुडघ्यांची चौकशी करी, मग सुनेच्या कागाळ्या सुरू होत, आणि अर्धा तास कसा गेला ते दोघांनाही कळत नसे. एके काळी कपाटात असे तेवीस पुठ्ठे होते. रविवारी सकाळी काका खुर्ची फोनजवळ ओढून बसले की उठेपर्यंत जेवायची वेळ टळलेली असे. लोक त्यांना खडूस म्हणत. म्हणोत बापडे.

पण यंदा काय झालं कोण जाणे, सगळ्यांना एकदम घरं आवरायची हुक्की आली. गाणी आता खिशातल्या फोनवर ऐकू येत होती, तबकड्या वाजवायची यंत्रं केव्हाच भंगारात गेली होती. एकेक जण दारात येऊन तबकडी हातात ठेवू लागला. "घ्या बाबा, सुटलो एकदाचा!" काका म्हणत, "बसा की जरा." पण खाली कुणीतरी थांबलेलं असे. एकेक पुठ्ठा निघत गेला.

मागच्या महिन्यात त्यांनी न राहवून पोस्टातल्या जुन्या कारकुनाला फोन लावला.

"अहो, दिली ना मी परत?" तो दचकून म्हणाला.

"दिलीत, दिलीत."

"मग काय काम काढलंत?"

काम काहीच नव्हतं. चुकून नंबर लागला असं सांगून काकांनी फोन ठेवला. त्या दिवशी त्यांना फार एकटं वाटलं. घरात शेकडो गळे होते, पण 'जेवलात का' असं विचारणारा त्यांत एकही नव्हता.

उरलेला पुठ्ठा एकशे बारा नंबरचा, शिवणबाईंच्या नावाचा. बाई दोन गल्ल्या पलीकडे एकट्या राहत आणि लोकांचे कपडे शिवत. वयाने जेमतेम चार वर्षांनी लहान, तरी 'काका' म्हणत, आणि काकांना ते मनातून मुळीच आवडत नसे. तबकडी नेऊन अकरा वर्षं झाली होती. दर रविवारी काका विचारत आणि दर रविवारी बाई म्हणत, "शोधते हो, सापडेल." गेले तीन रविवार मात्र काकांनी फोनच केला नव्हता. विचारलं आणि खरंच सापडली तर?

दारावरची बेल वाजली.

दारात शिवणबाई उभ्या होत्या. जिना चढून धाप लागलेली, हातात कापडी पिशवी. पिशवीतून एक चौकोनी कोपरा बाहेर डोकावत होता. आत काय आहे ते काकांना न बघताच कळलं.

"ही घ्या तुमची," बाई म्हणाल्या.

काकांनी तबकडी उजेडात धरली. उलटी केली, पुन्हा सुलटी केली. पाठीवर त्यांच्याच अक्षरात एकशे बारा लिहिलं होतं. आकडा इतका ठसठशीत होता की दोघांनाही चष्म्याशिवाय वाचता येत होता.

"ही माझी नाही," काका म्हणाले.

"अक्षर तर तुमचंच दिसतंय."

"असतं एखाद्याचं तसं."

बाईंनी कपाटाकडे पाहिलं. भरगच्च ओळीत एकच पुठ्ठा, आणि त्यावर त्यांचं नाव. त्या हसल्या नाहीत. न सांगता खुर्ची ओढून बसल्या. या वर्षात त्या खुर्चीवर काकांशिवाय कुणी बसलं नव्हतं.

"तीन रविवार फोन का नाही केलात? माझा जीव नुसता टांगणीला लागला होता."

काका कपाटाकडे तोंड करून उभे राहिले. सारवासारव करायचा त्यांनी विचार केला, पण आता त्यांना त्याचाही कंटाळा आला होता.

"विचारलं असतं तर तुम्हाला ती सापडली असती," ते म्हणाले. "मग पुढच्या रविवारी मी काय विचारायचं?"

बाई उठल्या. काकांच्या हातातून तबकडी काढून घेतली आणि परत पिशवीत घातली.

"सापडायला हरवली कधी होती?" त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं माझ्या मशीनशेजारच्या फळीवरच आहे. परत दिली असती, तर रविवारी मला फोन कुणी केला असता?"